भिया, टेन्शन नको घेऊ

इंदूरच्या मराठी पुरुषाला मन नसतं, पित्त असतं. हे एकदा पक्कं धरलंत की पुढचं सगळं सोपं जातं. रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते, "जेवायला वाढू का?" एवढ्यावरून बायकोवर आवाज चढतो, हे सगळं पित्तच. फारच झालं तर ईसीजी काढा. तो नॉर्मल आला की कचोरी खा आणि रात्री पुन्हा तीनला उठा.

समुपदेशकाकडे मात्र चुकूनही जाऊ नका. रामबागेतल्या कुणी जिना चढताना पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला बाणगंगेच्या मेंटल हॉस्पिटलात भरती केलेलं असेल. तोंडी, अर्थात.

मित्र आहेत की! सराफ्याच्या खाऊगल्लीत मध्यरात्रीपर्यंत उभं राहून प्लॉटचे भाव, मॅच, पोरांची पॅकेजं, सगळं बोलतात. परवा एकाने गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, द्रोण हातात धरून म्हणून पाहिलं, "यार, महिनाभर झोपच लागत नाहीये." सगळे एकदम गप्प. मग शेजारच्याने त्याच्या द्रोणात आणखी थोडा जिरावण मसाला भुरभुरला. "भिया, टेन्शन नको घेऊ." झाला उपचार. गराडूचे पैसेही त्यानेच दिले, आणखी काय हवं?

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात जवळपास ७२ टक्के पुरुष. असले आकडे मित्रांत काढू नका, गराडू गार होतात.

सरकारलाही नसत्या उठाठेवी. ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानस नावाची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चालवतंय. नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीतसुद्धा. जपून हं, फुकट म्हटलं की आपला हात आपोआप पुढे जातो. आणि पलीकडचा माणूस ऐकून घेतो म्हणे, मध्येच स्वतःच्या साडूचं उदाहरण न देता. एवढं आपल्याला कुठलं सोसायला!

आता राहिला शिष्टाचार. एखादा जुना मित्र रात्री अकराला फोन करून "काही नाही रे, सहज" म्हणाला, तर लगेच विचारा, "बोल, काय काम होतं?" काम नसतंच. तो थोडा वेळ थांबतो, मग "बरं, भेटू कधीतरी" म्हणून फोन ठेवतो. तुम्ही कूस बदलून बायकोला सांगा, "पैसे हवे असतील त्याला."