किल्ली कुणाकडे आणि जाब कुणी विचारायचा

पंढरपूरचं मंदिर सरकारच्या ताब्यातून सोडवा, ही मागणी आषाढी जवळ आली की जोर धरते. २०२३ मध्ये सुब्रमण्यम स्वामींनी मंदिर सरकारी समितीच्या हाती देणाऱ्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हापासून आमच्या घरातही दोन तट पडले आहेत. मामांचं म्हणणं, ज्यांच्या पिढ्या देवाच्या पायाशी गेल्या त्यांनाच देवाची खरी काळजी. आत्या म्हणते, बडव्यांच्या, म्हणजे पिढीजात पुजाऱ्यांच्या काळात दर्शनाला गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारून बघा. मी जॉर्डनमध्ये, अम्मानला राहते, राजाच्या देशात, म्हणून दोघांचाही रोख शेवटी माझ्याकडे वळतो. परवा मामांनी फोनवर थेट विचारलं, "तुमच्याकडे राजघराणीच सांभाळतात ना सगळं? मक्केत कुठं कुणी समिती नेमलीय?"

प्रश्न वाद जिंकण्यासाठी विचारलेला असला तरी तो खरा आहे, आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही.

मी ज्या देशात राहते, तिथल्या राजघराण्याकडे जेरुसलेममधल्या पवित्र स्थळांचं पालकत्व आहे. घराणं हाशेमी, म्हणजे थेट पैगंबरांच्या वंशातलं. अम्मानपासून जेरुसलेम सत्तरेक किलोमीटर, पण मध्ये नदीवरचा पूल आणि इस्रायलचा पहारा. १९६७ च्या युद्धात जुनं शहर जॉर्डनच्या हातून गेलं. तरी अल्-अक्सा मशिदीच्या आवारातल्या पहारेकऱ्यांचे आणि वक्फच्या, म्हणजे तिथला कारभार बघणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे पगार आजही अम्मानहून जातात. १९८८ मध्ये जॉर्डनचे राजे हुसेन यांनी जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हक्क सोडला, तेव्हाही वक्फचं काम त्यांनी हातचं जाऊ दिलं नाही. १९९४ च्या शांतता कराराच्या नवव्या कलमात इस्रायलने या खास भूमिकेचा मान राखण्याचं लिहून दिलं, आणि २०१३ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनीही करार करून तिला मान्यता दिली.

यातली विशेष गोष्ट ही, की या पालकाचा तिथे एकही शिपाई नाही. माझ्यासारख्या मुस्लिमेतर माणसाला ठरलेल्या वेळेत एका ठरलेल्या दारातून आत जाता येतं. त्या दारावर इस्रायली पोलीस उभे असतात आणि आत वक्फचे पहारेकरी. सत्ता एकाची, सेवा दुसऱ्याची. हुकूम चालत नाही म्हणून जॉर्डनच्या राजाला हे पालकत्व कामातूनच टिकवावं लागतं. त्याच आवारातल्या 'डोम ऑफ द रॉक'च्या घुमटाचा सोन्याचा पत्रा नव्याने बसवायचा होता तेव्हा राजे हुसेन यांनी लंडनमधलं स्वतःचं घर विकलं, आणि १९९४ पर्यंत सुमारे ८० किलो सोनं त्या घुमटावर चढलं. १९६९ च्या आगीत अल्-अक्सातला सलाहुद्दीनच्या काळातला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, जळाला. त्याची हुबेहूब प्रतिकृती इथल्या साल्ट गावात कारागिरांनी तयार केली आणि २००७ मध्ये ती मशिदीत बसवली. एकही खिळा न वापरता हजारो तुकडे एकमेकांत गुंतवायचे, असं ते काम. माझे इथले सहकारी बहुतेक पॅलेस्टिनी मुळाचे आहेत. राजकारणात राजावर त्यांचे आक्षेप असतात, पण मिंबराचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो.

मामांना मी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "बघ, घराणंच लागतं." म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी.

याच हाशेमी घराण्याकडे आधी मक्का होती. दहाव्या शतकापासून मक्केचे शरीफ, म्हणजे तिथले अधिपती, पैगंबरांच्या वंशातले असत. पण त्या काळात मक्केचं पालकत्व कधीच एका मुठीत नव्हतं. शरीफ गावात, सुलतान कैरोत किंवा इस्तंबूलमध्ये. धान्य इजिप्तमधून यायचं, काबेवर चढवायचं कापड, म्हणजे किस्वा, तीही शतकानुशतकं कैरोहून. काबेची किल्ली बनू शैबा घराण्याकडे. पैगंबरांनी ती इ.स. ६३० मध्ये त्यांच्या पूर्वजांच्या हाती दिली आणि ती आजही त्यांच्याच घरात आहे. जगभरच्या लोकांनी यात्रेकरूंसाठी तिथे धर्मशाळा बांधल्या, त्यांना रुबात म्हणतात. त्यात हैदराबादच्या निजामाचं रुबात होतं, आणि जुन्या हैदराबाद संस्थानातले म्हणून आपल्या मराठवाड्यातले हाजीही त्यात उतरण्याचे हक्कदार ठरतात. औरंगाबाद, बीड, नांदेडच्या माणसाचा मक्केत एक कोपरा होता तो असा. कुणाचं धान्य, कुणाचं कापड, कुणाची किल्ली, कुणाचं छप्पर. इतक्या जणांचा हात लागलेल्या जागेत एकाला मनमानी करणं अवघड जातं.

मक्केचे शरीफ हुसेन (जॉर्डनचे राजे हुसेन नव्हेत) यांनी १९१६ मध्ये इंग्रजांच्या मदतीने उस्मानी, म्हणजे तुर्की सत्तेविरुद्ध बंड केलं. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केल्यावर त्यांनी स्वतःलाच खलिफा जाहीर केलं. हाजींवर त्यांनी बसवलेल्या करांच्या तक्रारी तर हिंदुस्थानपर्यंत पोचल्या होत्या. वंश थोर म्हणून कारभार थोर ठरत नाही, हे इथेच दिसतं. त्याच वर्षी इब्न सौद, म्हणजे आजच्या सौदी राजघराण्याचे संस्थापक, यांच्या फौजा मक्केत शिरल्या. १९२५ च्या अखेरीस मदिना आणि जेद्दाही पडलं.

पुढचा भाग आपल्याकडे कुणी फारसा आठवत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मक्का कुणा घराण्याची असावी का, हा वाद मुंबईत झाला आहे. तुर्की खिलाफत टिकावी म्हणून झटणाऱ्या मध्यवर्ती खिलाफत समितीचं मुख्य ठाणं मुंबईत. भायखळ्याचं खिलाफत हाऊस आजही उभं आहे. त्या समितीतल्या अनेकांना शरीफ हुसेन नको होते, म्हणून इब्न सौद यांचं त्यांनी आधी स्वागत केलं. हिजाझचा, म्हणजे मक्का-मदिनेच्या प्रदेशाचा कारभार सगळ्या मुस्लिम जगाने मिळून ठरवावा आणि तिथे राजा नसावा, अशी त्यांची अपेक्षा होती. जानेवारी १९२६ मध्ये इब्न सौद हिजाझचे राजे झाले. त्याच वर्षी मक्केत परिषद भरली. खिलाफत चळवळीचे नेते मौलाना मुहम्मद अली आणि शौकत अली तिथे गेले, राजेशाहीविरुद्ध बोलले आणि रिकाम्या हातांनी परतले. मदिनेच्या बकी कब्रस्तानातल्या कबरींवरचे घुमटही त्याच वर्षी पाडले गेले. मुंबईतले शिया त्याचा शोक अजून पाळतात. १९३१ च्या जानेवारीत मुहम्मद अली वारले, जूनमध्ये शरीफ हुसेन. दोघांच्याही कबरी जेरुसलेमच्या हरमच्या, म्हणजे अल्-अक्साच्या आवाराच्या पश्चिम कडेला आहेत. ज्या प्रश्नावर ते भांडले, तो मात्र त्यांच्याबरोबर मिटला नाही.

आता सौदी राजाकडे सगळं आहे. १९८६ मध्ये राजे फहद यांनी 'दोन पवित्र मशिदींचा सेवक' ही जुनी पदवी पुन्हा लावून घेतली आणि सेवा खरोखर मोठी झाली: मशिदींचे प्रचंड विस्तार, मक्का-मदिना रेल्वे, लाखोंसाठी पाणी आणि दवाखाने. गेल्या काही वर्षांत मेहरमशिवाय, म्हणजे सोबत नवरा किंवा जवळचा पुरुष नातेवाईक नसताना हजला गेलेल्या कितीतरी महाराष्ट्रीय बायका ही व्यवस्था पाहून थक्क होऊन परतल्या आहेत. त्यांचं समाधान खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पण २००२ मध्ये काबेजवळचा उस्मानी काळातला अजयाद किल्ला पाडून तिथे पुढे ६०१ मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आणि हॉटेलं उभी राहिली. तुर्कस्तानने निषेध केला, त्याने काही थांबलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये हजच्या वेळी मक्केजवळच्या मिना इथे चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकडा ७६९ मृतांचा. असोसिएटेड प्रेसने देशोदेशीचे आकडे जमवले तेव्हा ते २,४०० च्या वर गेले. चौकशी जाहीर झाली, अहवाल लोकांसमोर आलाच नाही. ज्यांचे आईवडील तिथे गेले त्यांनी कुणाच्या दारात उभं राहायचं? राजघराण्यातच चौकशीचा हुकूम निघतो आणि राजघराण्यातच तो मिटतो. जेरुसलेममध्ये पालक दुबळा म्हणून त्याला सगळ्यांना धरून चालावं लागतं. २०१९ मध्ये तर जॉर्डनने तिथली वक्फ परिषद वाढवून त्यात पॅलेस्टिनी लोकांना घेतलं. मक्केत पालकच सार्वभौम, त्यामुळे त्याला कुणालाच धरून चालावं लागत नाही.

भारतात याचा भलताच अर्थ काढला जातो. रस्त्यासाठी मशीद पाडायची असली की एक गट म्हणतो, सौदीतही पाडतात. दुसऱ्या गटातले काही जण सौदी राजाचा शब्द धर्माचाच शब्द असल्यासारखा मानतात. दोघंही एका राजाच्या कारभाराला एका धर्माची संमती समजतात. तशी संमती मुंबईतल्या मुसलमानांनी शंभर वर्षांपूर्वीही दिली नव्हती.

म्हणून मामा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. घराण्याकडे काम असायला माझी काही हरकत नाही. बनू शैबांकडे किल्ली आहे, म्हणून काबा त्यांचा झाला नाही. आपल्याकडे अंकलीचे शितोळे सरकार माऊलींच्या पालखीसाठी पिढ्यानपिढ्या अश्व आणतात, वारकरी त्या अश्वांच्या पाया पडतात, आणि हे मोडून काढावं असं कुणाला वाटत नाही. कारण त्यात कुणाचं दर्शन अडत नाही. बडवे-उत्पातांवर राग होता तो पिढीजात असण्याचा नव्हता. दर्शन, दक्षिणा आणि मालकी एकाच हातात गेली, त्याचा होता. १९४७ मध्ये साने गुरुजींना दलितांच्या प्रवेशासाठी तिथे उपोषणाला बसावं लागलं. १९६८ मध्ये मंदिराच्या कारभाराच्या चौकशीसाठी नाडकर्णी आयोग बसला, १९७३ मध्ये कायदा झाला, १९८५ मध्ये तो प्रत्यक्षात आला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. किती वर्षं गेली त्यात! पण आयोगासमोर साधा माणूस उभा राहून सांगू शकला की माझ्याशी असं वागले. मिनाच्या मृतांच्या मुलांना तेवढंही मिळालेलं नाही.

आणि आत्या, तुझ्यासाठीही एक गोष्ट आहे. आजची समिती सरकार नेमतं. त्या नेमणुकीत वारकऱ्यांच्या फडांना आणि दिंड्यांना मत नाही. उद्या तिथे काही बिघडलं तर वारकऱ्याने आमदाराच्या दारात जायचं का? मंदिर बडव्यांना परत द्या म्हणणाऱ्यांबरोबर मी नाही, आणि सरकारने नेमलं म्हणजे झालं म्हणणाऱ्यांबरोबरही नाही. समितीतले निम्मे सदस्य फडांनी आणि दिंड्यांनी निवडून द्यावेत, एखादी तरी जागा मराठवाड्यातून चालत येणाऱ्या बायकांची असावी, आणि जमाखर्च दर आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात मोठ्याने वाचून दाखवावा. कायदा बदलायचाच असेल तर याच्यासाठी बदला, आणि न्यायालयात जायचंच असेल तर हेच मागायला जा.