अलिबागला जुलैत कोणी जातं का?

जानेवारीत मुंबईला आलो होतो तेव्हा गिरगावात दादाकडे जेवणं झाल्यावर वहिनीने मोबाईलवर एक लेख वाचून दाखवला, अलिबागवरचा, आणि पहिल्याच ओळीत अलिबाग म्हणजे 'मुंबईचं हॅम्पटन्स' (हॅम्पटन्स म्हणजे न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची समुद्रकाठची सुट्टीची गावं). आम्ही सगळे हसलो, कारण आमच्या लहानपणी याच शहरात कुणाला बावळट ठरवायचं असलं की 'अलिबागसे आया है क्या' म्हणायचे, त्या वाक्यावर बंदी आणा म्हणून २०१९ मध्ये हायकोर्टात याचिकासुद्धा झाली होती (फेटाळली कोर्टाने). आता तेच मुंबईकर तिथे गुंठ्याचा भाव विचारत फिरतायत.

मग घरातला नेहमीचा वाद. दादा म्हणे हे ब्लॉगवाले आणि रीलवाले गावं नासवतात. पुतण्या म्हणे बाबा, मग लोकांनी खायचं काय, नुसते नारळ विकून घर चालतं का? आणि मग दोघांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी नऊ वर्षं इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये राहतोय, सेंट आइव्हज नावाच्या गावाच्या जवळ, तिथेही समुद्र, तिथेही टुरिस्ट, म्हणजे मी जणू या विषयातला एक्स्पर्टच.

खरं सांगू, गर्दीचं मला एवढं काही वाटत नाही. आम्हीसुद्धा मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरनं लाँचने रेवसला आणि तिकडनं एसटीने आत्याकडे जायचो, तेव्हा आम्हीही गर्दीच होतो की. आता रो-रो बोटीमुळे गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरता येतं, जाऊदेत लोकांना. मला त्या लेखात खटकलं ते वेगळंच. त्यात गावाला शनिवार-रविवार सोडून दुसरा वारच नव्हता. आणि माणसं एका वाक्यात उरकली होती, 'साधीभोळी माणसं'.

आमची आत्या अलिबागजवळ नागावला असते. गणिताची शिक्षिका होती, रिटायर झाल्यावर वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने देते. तिच्याकडे राहून गेलेल्या एकाने असंच कुठेतरी लिहिलं होतं की भोळ्या मावशींच्या हातची चव वगैरे. आत्याला ते फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, "भोळी? अरे अ‍ॅडव्हान्स जमा झाल्याशिवाय मी गेटची कडी काढत नाही." हीच बाई तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगते, चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला, षष्ठी असेल तर साडेचार, घड्याळाकडे न बघता. आणि लेखात काय तर 'कुलाबा किल्ल्यात समुद्रातून चालत जाण्याचा थरार'. थरार कसला, ओहोटी असली तर जा आणि भरतीच्या आत परत या, नाहीतर बसा तिकडेच. त्या लेखवाल्याने ही एक ओळ आत्याला विचारून लिहिली असती तर कुणाच्या तरी उपयोगाला आली असती.

तिची सगळ्यात मोठी तक्रार महिन्यांबद्दल आहे. लोक मे महिन्यात येऊन पोपटी, म्हणजे पाल्यात घालून मडक्यात भाजलेल्या शेंगा, मागतात. अगं बाई, वालाच्या शेंगा थंडीतल्या, भांबुर्ड्याचा पाला थंडीतला, मडकं पेटवायचं थंडीत, मेमध्ये कुठनं आणू. जुलैत सुरमई मागतात, ताजी पाहिजे, तेव्हा मोठ्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते. नाही म्हटलं की रिव्ह्यूमध्ये एक स्टार कमी. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळात तिच्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, नवीन लावलेली सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, पण त्याच हिवाळ्यात मी कुठेतरी वाचलं की लॉकडाऊननंतर इथला निसर्ग कसा फुललाय. आणि मी इंग्लंडात बसून व्हिडिओ कॉलवर आत्याची उघडीबोडकी वाडी बघत होतो.

आणि जे खरंच बघण्यासारखं आहे ते लेखात येत नाही. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि विजेमुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं बिघडली असती म्हणून मुंबईतल्या कुलाब्याहून १९०४ मध्ये ते काम तिकडे हलवलं. जवळच किहीमला १९३० च्या पावसाळ्यात पक्षीतज्ज्ञ सलीम अली सुगरणीची घरटी बघत बसले होते, नोकरी नव्हती, वेळ होता, आणि त्यातनं कळलं की नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं की मग पुढचं काम, आणि ती बसली की गडी दुसरं घरटं विणायला मोकळा. भर पावसाळ्यात, बीचवर कोणी नसताना!

इकडे सेंट आइव्हजची तीच गत, फक्त काही वर्षं पुढची. पेपरात अजून 'कोळ्यांचं टुमदार गाव' असंच छापून येतं. बंदराजवळच्या जुन्या कोळीवाड्याला डाउनअलाँग म्हणतात, तिथे मी नोव्हेंबरच्या एका मंगळवारी संध्याकाळी फिरलो, गल्लीच्या गल्ली अंधारात, आणि दारांशेजारी आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या, पाहुण्यांच्या किल्ल्या ठेवायला. २०१६ मध्ये गावाने मतदान घेतलं, ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की नवीन बांधलेली घरं इथे कायम राहणाऱ्यांनाच द्या. पण नियम फक्त नव्या घरांना, जुनी घरं विकायला मोकळीच. २०२५ च्या एप्रिलपासून कॉर्नवॉलमध्ये दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडची घरपट्टी, डबल झालाय, तेही आता.

हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, म्हणजे मी बरोबर." आणि पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही स्वतः तिथे घर घेतलंत ना?" भाड्याचं आहे रे, पण मुद्दा त्याचा बरोबर होता, बाहेरून येऊन भाडी वाढवणाऱ्यांत मीही आहेच की. आत्याला टुरिस्ट हवेच आहेत, त्या दोन खोल्यांवर तिची औषधं निघतात. तिचं म्हणणं एवढंच की येण्याआधी महिना विचारून या.

गेल्या महिन्यात दादरचा एक मित्र म्हणाला, सेंट आइव्हजला येतोय, काहीतरी ऑफबीट सांग. मी मोठा मेसेज टाईप केला, की फेब्रुवारीत ये, अर्धी दुकानं बंद असतात, पाऊस आडवा येतो, पण बंदरावर गावातली माणसं बोलायला भेटतात. त्याने अंगठा पाठवला आणि ऑगस्टचं बुकिंग केलं.