‘रंकाळ्याच्या बाका’वरून टोमणा मारणाऱ्या वाचकास

नमस्कार. बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीने १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेल्या डावावरचा माझा लेख तुम्हाला रुचला नाही. तुमचं म्हणणं: आठव्या खेळीला वजिराने बी७ या घरातलं प्यादं खाणं बरं होतं हे इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) दोन सेकंदांत दाखवतं, काळ्याने डावाच्या सुरुवातीला घेतलेला फिलिडॉर बचाव आता खेळतो कोण, आणि वर ‘लेखकाची मजल रंकाळ्याच्या बाकापुढे गेलेली दिसत नाही’. लेख लांबलाय, हे मान्य.

पण बाक कशाला मध्ये आणलात? त्याच बाकावर शिकलोय मी. शाळा सुटली की दप्तरासकट तिथं. एक निवृत्त मास्तर पुठ्ठ्याचा पट घेऊन यायचे. काळ्याचा एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी शर्टाचं बटण. त्यांनी हाच डाव मांडला. सोळाव्या खेळीला वजिराचा बळी, सतराव्याला हत्तीने मात. मी खूश! मास्तर म्हणाले, “नाचू नकोस. हे बटण एच८ वरनं हललं का नाही, ते सांग.”

मला काही येईना. मग ते सातव्या खेळीवर परत आले. पांढरा वजीर बी३ ला, एफ७ आणि बी७ दोन्हींवर डोळा. काळ्याने वजीर ई७ ला आणून एफ७ राखलं आणि स्वतःच्याच उंटाची वाट बुजवली. उंट निघेना, म्हणून कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नाही, म्हणून बटण जागच्या जागी. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या खेळ्या, पाठ करून हे कळत नाही हो. आणि इंजिन आकडा देतं, असले प्रश्न विचारत नाही. तुम्हाला विचारले होते कुणी?

बी७ चं म्हणाल तर, ते खाल्लं की काळा वजीर बी४ ला येऊन शह देतो, वजिरावजिरी होते आणि पांढऱ्याला एक प्यादं जास्त. चांगलंच आहे, मी कुठं नाही म्हटलं? लेख शेवटपर्यंत वाचलात ना?

फिलिडॉर आजही खेळतात. वाईट होती ती तिसऱ्या खेळीची उंट जी४. बाकी मुद्द्यांत उत्तर देण्याजोगं काही नाही.

इंजिन मीही लावतो, तुम्हीही खुशाल लावा. पण आमच्या मास्तरांच्या बाकावर घसरायचं असेल, तर निदान टोपणनाव काढून घसरा.