गल्ल्यातले जास्तीचे अकरा रुपये

आज सकाळी घरी तर्री-पोह्यांचा बेत होता. भाचीला कणभौतिकीत संशोधन करायचे आहे हे ऐकून एका ज्येष्ठ नातेवाईकांनी तिला विचारले, "तो वस्तुमान देणारा हिग्ज कण तर २०१२ मध्येच सापडला ना बेटा, मग आता आणखी कायले शोधता?" सगळे हसले. ती बशी तशीच ठेवून आत निघून गेली. प्रश्नात काही वावगे नव्हते, पण त्या हसण्याने माझे डोके फिरले.

माझे वडील इतवारीतील एका किराणा पेढीवर दिवाणजी होते. एका रात्री गल्ल्यात किर्दीपेक्षा अकरा रुपये जास्त निघाले. मालक म्हणाले, "लक्ष्मी आहे, राहू द्या." वडील मात्र रात्री एक वाजता घरी आले, कारण त्यांच्या लेखी कमी पडलेला आणि वाढलेला रुपया सारखाच संशयित होता.

भाचीला ज्या यंत्रांचे वेड लागले आहे, ती नेमका हाच हिशेब करणार आहेत. हिग्ज सापडला तो प्रोटॉनांच्या टकरीत, आणि प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन या आणखी लहान कणांचे गाठोडे. टकरीत त्यांपैकी कोणी किती ऊर्जा आणली हे आधी कळत नाही, म्हणजे आरंभीची शिल्लकच ठाऊक नसते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीत ती ठाऊक असते. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रस्तावित, सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या यंत्रात २४० जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजण्याचे एकक) टकरीतून झेड बोसॉन नावाचा जड कण निघाला आणि त्याचे म्युऑन नावाचे दोन हलके कण झाले, तर तेवढे दोन मोजून, सोबत निघालेल्या कणाचे वस्तुमान त्याच्याकडे न पाहताही काढता येते. अशा मोजमापांच्या आलेखात १२५ जीईव्हीला ओळखीचा हिग्ज उंचवट्याच्या रूपाने दिसेलच. त्याच्या अलीकडे आणखी एक छोटा उंचवटा दिसला, तर ते आपले अकरा रुपये.

इलेक्ट्रॉनला म्युऑन आणि टाऊ अशी थोरली भावंडे असताना हिग्ज मात्र एकुलता, हे कोणी ठरवले? ज्या सिद्धांतांत हिग्ज क्षेत्राची एक जोडी वाढवली जाते, त्यांत हिग्ज पाच होतात, त्यांपैकी दोन विद्युतभारित. सर्नचाच जुना इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरक २००० मध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्या नोंदींत ९८ जीईव्हीच्या आसपास किंचित वाढावा राहून गेला होता. पुढे सर्नच्याच सीएमएस प्रयोगाला फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्यांमध्ये ९५ जवळ तसेच काहीसे दिसले. आणि आम्ही पोहे खात हसतो!

मान्य आहे, खर्च अवाढव्य आहे. सुमारे १५० जीईव्हीपेक्षा जड हिग्ज या वाटेने थेट मिळणार नाही, त्याचा माग ओळखीच्या हिग्जच्या वागण्यातील बारीक फरकांवरूनच काढावा लागेल, हेही खरे. वाढावा फसवाही असतो. २०१५ मध्ये ७५० जीईव्हीला दिसलेल्या उंचवट्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले आणि पुढच्याच वर्षी तो विरून गेला. वडिलांच्या गल्ल्यातही कितीदा जास्तीची रक्कम म्हणजे मोजताना झालेली चूकच असे. पण ती चूक आहे हेसुद्धा ते पुन्हा मोजूनच ठरवत.

एवढे लिहीपर्यंत राग बराच उतरला आहे. ते नातेवाईक मनाने वाईट नाहीत. माझ्या शिक्षणाच्या वेळी तेच धावून आले होते. दुपारी भाची बाहेर आली, गार झालेले पोहे तिने तसेच खाल्ले आणि विचारले, "मामा, आजोबांचे ते अकरा रुपये शेवटी कुणाचे निघाले?" एक गिऱ्हाईक दुपारच्या गर्दीत जुनी उधारी फेडून गेले होते आणि खतावणीत त्याच्या नावावर बाकी तशीच उभी होती. मालक दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे वसुलीला माणूस पाठवणार होते.