'क्वालिटेटिव्ह घे, सोपं असतं' म्हणे!

समाजशास्त्रात एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: क्वालिटेटिव्ह (आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवरचं संशोधन) घ्या, स्टॅटिस्टिक्सची कटकट नाही, वीस मुलाखती घ्या, सॉफ्टवेअरमध्ये टाका, थीम्स काढा, थिअरी शेवटी लावा, झाला थिसिस.

मुलाखतीपासूनच घेऊ. मुलाखतीत माणूस काय सांगतो ते कळतं, वागतो कसा ते कळेलच असं नाही. इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या होत्या, दिंडी एकच, अभंग तेच, पण ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचं जेवण मात्र वेगवेगळं, आणि हे त्यांनी रोज बघितलं, त्याबद्दल हळहळून लिहिलं. आता कागद घेऊन विचारा, वारीत जात पाळता का? "छे हो, माउलीपुढं सगळे सारखे," हेच उत्तर येणार, आणि सांगणारा खोटं बोलतोय असंही नाही!

वीसचा आकडा कुठून आला देव जाणे. बारा म्हणणारे निदान किती मुलाखती पुरतात यावरच्या, ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या पेपरचं नाव तरी घेतात. त्यात घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखती होत्या आणि बहुतेक कोड (म्हणजे उत्तरांतल्या मुद्द्यांना दिलेली लेबलं) पहिल्या १२ मध्येच मिळाले. पण त्या बायका बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्नही सगळ्यांना तेच होते, हे कोण सांगणार? ऊसतोड मजूर, मुकादम आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी असे तिघंही वीसात कोंबलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात येतात, त्यात मग बायकांचं म्हणणं कुठं?

आता थिअरी शेवटी लावायची, हा खरा घोळ. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी कर्नाटकातल्या कूर्गची माहिती मुंबईत प्राध्यापक घुर्यांच्या हाताखाली गोळा केली आणि पुढं ऑक्सफर्डला मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊनच्या चौकटीतून तीच परत वाचली. म्हणाल, बघा, थिअरी नंतरच आली की! आली, पण शेवटच्या चॅप्टरला चिकटली नाही, धर्म आणि समाजरचना यांचा संबंध काय हा प्रश्न पुढं ठेवून सगळं पुन्हा मांडावं लागलं. आणि १९४८ला ते म्हैसूरकडच्या रामपुरा या गावात गेले ते हीच नजर घेऊन, म्हणून गावातली भांडणं, निवाडे, जमीन कुणाकडं आणि मतं कुणाच्या शब्दावर पडतात हे सगळं त्यांना एकत्र दिसलं. आज टीव्हीवर दर पाच मिनिटांनी येणारा 'व्होट बँक' हा शब्द त्यांच्या १९५५च्या लेखातला, 'प्रभुत्वशाली जात' (गावात जिचा वरचष्मा असतो ती) ही संकल्पनाही त्याच गावातून आली.

"आम्ही ग्राउंडेड थिअरी (माहितीतूनच थिअरी उभी करायची पद्धत) वापरतो, आधीचं वाचायची गरज नाही" असं म्हणणाऱ्यांना तर हात जोडून नमस्कार. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ला जे मांडलं त्यात मुलाखत, कोडिंग आणि तुलना सोबतच चालतात, पुढं कुणाला भेटायचं हेही त्यातूनच ठरतं. आधी वीस उरकून मग कोडिंगला बसलात तर त्याला ते नाव देऊ नका.

सॉफ्टवेअर लेबलं सांभाळतं, शोधून देतं, बास. विचार माणसालाच करावा लागतो. श्रीनिवासांच्या रामपुऱ्याच्या प्रोसेस केलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती १९७०ला स्टॅनफर्डला आगीत जळाल्या, तरी माणसानं बरंचसं आठवणीतून पुस्तक लिहिलं.

आणि स्टॅटिस्टिक्सपासून पळणाऱ्यांनो, गाव कुठलं निवडलं आणि का, हे व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, विचारणारच, तेव्हा जनगणनेचे तक्ते उघडावेच लागतील.