आठवा चार्जर

सातवा चार्जरही गेला. उंदराने वायर कुरतडली की तिची लक्तरं होतात. आमच्या सशांचं काम सफाईचं. कात्रीने कापावी तशी तिरकी, स्वच्छ वायर, आणि दोन तुकड्यांच्या मधोमध साहेब मिशा साफ करत बसलेले. बटण बंद होतं, म्हणून दोघंही वाचलो.

सशाचे दात जन्मभर वाढतात, हे मला दोन ससे घरात मोकळे सोडल्यावर कळलं. पुढचे तर वर्षाला १०-१२ सेंटीमीटर. ते झिजावेत म्हणून दिवसभर वाळलं गवत चघळायचं असतं. ढीगभर ठेवलंय. खातातही. मग तोंडाची चव पालटायला सोफ्याचा पाय.

बायको म्हणाली, "अहो, वायरींना जाड नळी तरी चढवा." अख्खा रविवार मी टेबलाखाली पालथा पडून नळ्या चढवल्या. देखरेखीला दोघेही हजर. एक तर पाठीवरच चढून बसला. मला वाटलं, माया! उठलो तेव्हा इअरफोन एकाच कानात वाजत होता.

नव्या नळीवर त्यांनी लगेच हनुवटी घासली. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. घासलं की ती वस्तू त्यांच्या नावावर. टेबल, कपाट, चपला अशी सगळी नोंदणी झालेली आहे. मागच्या आठवड्यात माझा अंगठाही घासून झाला. घराचे हप्ते तेवढे अजून माझ्या नावावर आहेत.

दिवसा मात्र दोघे गाढ. पहिल्यांदा एक जण धाडकन आडवा पडला, पाय ताणून, डोळे उघडे. मी रडवेल्या आवाजात डॉक्टरांना फोन लावला. "निवांत आहे हो तो," ते म्हणाले. तेवढ्यात मयताने जांभई दिली.

रात्री तीनला धप्प! मागचा पाय आपटणं म्हणजे धोक्याचा इशारा. मी काठी घेऊन घरभर फिरलो. दांडीवरून टॉवेल घसरला होता. इशारा देणारे परत झोपले, मी सकाळपर्यंत जागा.

आता आठवा चार्जर पडद्याच्या दांडीला टांगलाय. चार्जिंग चालू असताना फोन आला की स्टुलावर चढून बोलतो. खाली दोघे बसलेले असतात. माझ्याकडे बघतायत असं वाटायचं मला. काल नीट पाहिलं. स्टूल लाकडी आहे.