गाडी सोडून बाकी सगळं

बजेट ठरलं होतं. आकडा सांगत नाही, कारण माझे लेख घरातही वाचले जातात. 'जुनी बिलं' अशा निरुपद्रवी नावाची एक एक्सेल फाइल केली आणि तिच्यात एकच ओळ टाकली: आरसी (म्हणजे रेडिओ कंट्रोलची) गाडी. शेजारी आकडा, खाली बेरीज. एकाच ओळीची बेरीज बघताना जे समाधान वाटतं, ते पुढे पुन्हा काही वाट्याला आलं नाही.

निमित्त अर्थातच लेकीचं. केस पिकायला लागलेला माणूस रिमोटची गाडी स्वतःसाठी घेतोय, असं उघड म्हणायची सोय नसते. तिची खेळण्यातली गाडी तिसऱ्याच आठवड्यात बंद पडली होती. मी सर्जनच्या थाटात तिचं पोट उघडलं. आत सगळी यंत्रणा एकाच पट्टीवर डकवलेली आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एका गिअरचे तीन दात पडलेले. बाकी गाडी ठणठणीत. पण तो गिअर सुटा कुठेच मिळत नाही. तीन दातांपायी अख्खी गाडी कचऱ्यात! हा अन्याय मी एका मित्रापुढे बोलून दाखवला, आणि तिथेच फसलो.

"हॉबी ग्रेडची घे," तो म्हणाला. "मोटर वेगळी, तिचा वेग सांभाळणारा ईएससी वेगळा, चाकं वळवणारा सर्व्हो वेगळा. प्रत्येक भागाला पार्ट नंबर. जे मोडेल तेवढंच बदलायचं."

मला त्यातलं 'बदलायचं' तेवढं ऐकू आलं. 'मोडेल' ऐकू यायला महिना गेला.

मग रात्रीची जागरणं सुरू झाली. पहिला अडथळा स्केलचा. 1/8, 1/10, 1/18, 1/24. मी बायकोला समजावलं, की 1/10 म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी.

"म्हणजे खालचा आकडा वाढला की गाडी लहान?"

"हो."

"आणि साधारण स्वस्त?"

"साधारण."

"मग 1/1000 घे ना."

त्यानंतर मी घरात सल्ला मागणं बंद केलं.

प्रकार तरी किती! बगी, मॉन्स्टर ट्रक, शॉर्ट कोर्स ट्रक, टुरिंग, ड्रिफ्ट, क्रॉलर. दर रात्री मी नव्या प्रकाराच्या प्रेमात. सोमवारी दगडांवरून मुंगीच्या चालीने चढणारा क्रॉलर, मंगळवारी जमिनीला पोट घासत सुसाट जाणारी टुरिंग कार. बुधवारी पहाटे दोन वाजता मला कळलं, की टामिया या जपानी कंपनीची पहिली आरसी गाडी 1976 साली आली, पोर्शे 934, 1/12 स्केलची. या माहितीचा माझ्या निवडीशी काडीचा संबंध नव्हता. तरी मी ती मित्राला तिथल्या तिथे कळवली. सकाळी त्याचं उत्तर आलं, चारच शब्दांचं: "पण चालवणार कुठे आहेस?"

मी खिडकीतून पाहिलं. अर्धी खडी, अर्धं गवत. टुरिंग कार त्या गवतात पहिल्या फुटातच बुडाली असती. दोन आठवड्यांचं संशोधन एका खिडकीने निकालात काढलं. ती उघडायला नेटही लागलं नव्हतं.

मोटरीचं कोडं राहिलं. ब्रश्ड की ब्रशलेस? ब्रशलेसमध्ये ब्रश नसतात, म्हणजे वस्तू कमी, म्हणजे स्वस्त, असा माझा सरळ हिशोब. तर इथे नसण्याचेच पैसे जास्त. ब्रश्ड मोटरीत कार्बनचे ब्रश घासत राहतात आणि झिजतात, ब्रशलेसमध्ये ती भानगड नाही, वेगही जास्त. "तुला एवढ्यात वेग नको," मित्र म्हणाला. अपमान गिळून मी ब्रश्ड घेतली. टू-व्हील ड्राइव्ह घेतली, कारण ती फोर-व्हीलपेक्षा स्वस्त आणि मोडायला भाग कमी. किट आणून स्वतः जोडायचा मोहही झाला होता. पण रेडिओ (म्हणजे रिमोट), सर्व्हो, रंग हे बहुधा वेगळं घ्यावं लागतं असं कळलं आणि मी मुकाट्याने आरटीआरकडे वळलो. आरटीआर म्हणजे रेडी टू रन. खोक्यातून काढा आणि पळवा.

खोकं आलं. लेकीने गाडी काढली, जमिनीवर ठेवली, ट्रिगर दाबला. काही नाही. खोक्याच्या तळाशी, शंका यावी इतक्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं: बॅटरी आणि चार्जर सोबत नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं म्हणतात. तिथे निदान कोंबडी कच्ची आहे हे आधी माहीत असतं.

दुसरी ओळ बॅटरी, तिसरी चार्जर. चौथी ती आगीला दाद न देणारी पिशवी, कारण लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी चार्ज होताना पेट घेऊ शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायचं असतं. तिचा स्वभाव मला एका वयस्क नातेवाइकाची आठवण करून देतो. टू-एस म्हणजे दोन सेल, 7.4 व्होल्ट. प्रत्येक सेल 4.2 च्या वर गेलेला खपत नाही, 3 च्या खाली तर अजिबात नाही, आणि नुसता ठेवून द्यायचा असेल तर 3.8 वर ठेवा, नाहीतर फुगून बसतो. 5000 एमएएचची बॅटरी 5 अँपिअरवर भरायला तासभर लागला. तो तासभर मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसलो होतो. भरली. जोडायला गेलो, तर बॅटरीचा कनेक्टर एका जातीचा आणि गाडीचा दुसऱ्याच. पाचवी ओळ अडॅप्टर.

अखेर चौथ्या दिवशी गाडी पळाली. काय पळाली! खडी उडवत, शेपूट फिरवत. मी रिमोट आधी स्वतःकडे घेतला होता, सुरक्षिततेसाठी. गाडी माझ्यापासून लांब जाईपर्यंत मी उत्तम चालक होतो. मग ती वळून माझ्याकडे यायला लागली. आता तिचं डावं ते माझं उजवं, हे मला तात्त्विकदृष्ट्या ठाऊक होतं. बोटांना नव्हतं. मी डावीकडे वळवली, ती माझ्या उजवीकडे गेली. घाबरून आणखी डावीकडे वळवली, ती आणखी उजवीकडे. तिथे दगडी कठडा होता. 'कट्' असा आवाज आला आणि पुढचं चाक पाय मुडपून बसल्यासारखं आडवं झालं.

लेक रडवेली झाली. मी मात्र गुडघे टेकून बघत होतो. चाक धरून ठेवणारा खालचा दांडा, ए-आर्म, बरोबर स्क्रूपाशी तुटला होता. मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र होतं, चित्राशेजारी पार्ट नंबर होता. इतका आनंद मला गाडी पळताना झाला नव्हता. ओळ सहा.

मोडत नाहीत, पण हरवतात त्या बॉडी क्लिप. गाडीचं पातळ कवच चार इवल्या तारेच्या क्लिपांवर अडकवलेलं असतं. बॅटरी बदलताना काढायच्या आणि लगेच गवताला अर्पण करायच्या. दुसऱ्या आठवड्यात एक उरली. मग आरशापाशी नजर गेली. केसांची पिन जरा वाकवली की चपखल बसते.

काल फाइल उघडली. चौदा ओळी होत्या, त्यातल्या एकीसमोरच गाडी लिहिलेलं. खाली पंधरावी ओळ, मी न टाकलेली: 'केसांच्या पिना, नग 6.' शेजारी आकडा होता, आणि बेरीजही पुन्हा करून ठेवली होती.